चवदा नंबरचं धान

माझ्या बायकोची तेरवी, म्हणजे तेराव्या दिवसाचं जेवण, होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमारास सोमाजी मुकादम सायकलवर आला, सायकल भिंतीला टेकवली आणि चपला काढून ओसरीत बसला. सोमाजी भात संशोधन केंद्रावरचा माणूस. माझी बायको कुंता तिथे संशोधक होती आणि तो तेरा वर्षं तिच्या हाताखाली होता. मला वाटलं, भेटायला आला असेल. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं खिशातून घडी केलेलं पत्र काढलं.

"वासुदेवभाऊ, वरून पत्र आलं. मॅडमचं बियाणं मांगून राहिले. दोन साल कोणी विचारलं नाही, आता मांगून राहिले. माय आन् चवदा नंबर, दोन्ही. कोठं ठेवलं ते दाखवा, मी घेऊन जातो."

"आतल्या खोलीत फळीवर आहे," मी म्हटलं. "दोन मडक्यांत."

आत गेलो तर फळी रिकामी होती. फळीवर मडक्यांच्या बुडाचे दोन गोल तेवढे होते, बाकी सगळीकडे धूळ. मागच्या अंगणात माझी मोठी बहीण शकुनबाई भांडी घासत होती. दोन्ही मडकी स्वच्छ धुऊन उन्हात पालथी घातलेली होती.

"बाई, यातलं धान?"

"कोणतं धान?"

"या मडक्यातलं."

"ते तं तेरवीले कांडलं ना बापू. तुले विचारलं होतं मी."

सोमाजी माझ्या मागे दारात येऊन उभा राहिला होता. "कांडलं म्हंजे?" तो म्हणाला.

"कांडलं म्हंजे कांडलं. उखळात. दीड-दोन पायली धान, तेवढ्यासाठी मिलमंधी कोण जाते? मोठ्या भातात मिसळलं. बाईच्या हातचं धान तिच्या तेरवीत शिजवा लागते. मांगं ठेवत नाहीत."

"आन् आतमंधी चिठ्ठ्या होत्या. दोरा बांधलेल्या."

"त्या चुलीत टाकल्या. काहून, काय झालं?"

 सोमाजी दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "मी पण जेवलो." मीही जेवलो होतो. दोनदा भात घेतला होता. पंगतीत कोणीतरी म्हणालं होतं की भाताला वास चांगला सुटला, कुठलं धान आहे. ते ऐकून मी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं होतं. तेरा दिवसांत मला पहिल्यांदाच भूक लागली होती.

शकुनबाई म्हणाली तशी रीत आमच्याकडे आहे. घरची बाई गेली की तिनं स्वतःच्या हातानं भरून, शेणानं तोंड लिंपून ठेवलेलं धान तिच्या तेरवीला काढायचं. ते घरात राहिलं तर तिचा जीव त्यात राहतो असं म्हणतात. माझ्या आईच्या वेळी असंच केलं होतं. कुंताला बियाण्यासाठी केंद्रातून पत्र्याचे डबे मिळायचे, पण डब्याला पावसाळ्यात आतून घाम येतो आणि बी सडतं, म्हणून ती आसगावला तिचे वडील ठेवायचे तसं ठेवायची. मडक्यात राख, वर कडुनिंबाचा पाला, मग धान, मग झाकणी आणि शेण. एम.एस्सी. झालेली बाई, पण हे तिनं बापाकडून घेतलं होतं. ती पत्र्याचे डबे वापरत असती, त्यावर इंग्रजी चिकटवलेलं असतं, तर शकुनबाईनं हात लावला नसता.

त्या मडक्यांत काय होतं ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. मी तुमसरला राइस मिलमध्ये फिटर आहे. रोज शाहापूरहून एस.टी.नं जातो, येतो. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आमच्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा लोक हसले होते की पोरगी धान लावणार आणि पोरगा धान सोलणार. कुंताही हसली होती. १९७२ साली लग्न झालं. त्याच्या पुढच्या साली दिवाळीनंतर आम्ही आसगावला तिच्या वडिलांकडे, गोमाजींकडे, गेलो होतो. त्यांच्या बोडीखालच्या बांधीत, लहान तळ्याच्या खालच्या शेतात, कापणी चालू होती. सगळं धान पिवळं झालं होतं आणि मधे एकच ठोंब हिरवागार उभा होता. त्याच्या लोंब्या अर्ध्या पानातच अडकलेल्या आणि ताठ. दाणा भरला की लोंबी वाकते, ह्या वाकल्याच नव्हत्या. गोमाजी म्हणाले, "ते कापू नको, बैलाले टाकून दे. पोचट आहे." कुंता चिखलात गुडघ्यावर बसली. तिनं एक लोंबी तळहातावर घेऊन दाबली, एकेक फोल उघडून पाहिलं. नंतर केसाची रिबीन काढून त्या ठोंबाला बांधली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला भीती वाटली होती. नवी नवरी अशी गप्प झाली की माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं.

त्या रोपट्यात नराचा भाग पोकळ होता. धानाच्या एकेका फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे धान आपल्या आपणच भरतं. दोन जातींचं मीलन करायचं असेल तर फूल उमलायच्या आधी, दुपारनंतर, कात्रीनं फोलाचं टोक कापून आतले सहाच्या सहा नर चिमट्यानं काढावे लागतात. कापूस ओढल्यासारखे अलगद. मग कागदाची पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता दुसऱ्या जातीचं पीठ वर झटकायचं. पराग या शब्दाऐवजी ती माझ्याशी बोलताना पीठ म्हणायची. नागपूरहून आलेले चिमटे जाड होते, मी मिलमध्ये कानशीनं त्यांची टोकं घासून बारीक करून दिली होती. दिवसाला चाळीस-पन्नास फुलं होत, त्यांतली निम्मी सुकत. पण ज्या रोपट्यात नर आधीच पोकळ आहे तिथे हे काही करावं लागत नाही. शेजारी दुसरं धान लावलं की वाऱ्यानं काम होतं, आणि पोतंभर संकरित बी मिळू शकतं. चीननं हे केलं, आपल्याकडेही होईल, असं ती म्हणायची. एकरी दीडपट धान. मी त्या वेळी मान हलवायचो.

अडचण अशी की असं रोपटं स्वतःसारखी लेक स्वतः जन्माला घालू शकत नाही. त्याला दर साली एक जोडीदार लागतो, आणि तोही असा की त्याच्यापासून झालेली लेकही आईसारखीच पोकळ नराची निघावी. दुसरा कोणताही लावला तर लेक साध्या धानासारखी भरते आणि आईचा गुण दबून जातो. कुंतानं एकवीस गावठी जाती लावून पाहिल्या. त्यांतली चवदा नंबरची जुळली. त्यात सहा वर्षं गेली. चवदा नंबरमध्येही सारखेपणा यायला तिनं दर साली एकेक ठोंब निवडला. तिचं सगळं काम या दोघांत होतं, पोकळ नराची माय आणि तिचा जोडीदार चवदा नंबर. आश्विनात रविवारी मी तिच्याबरोबर बांधीवर जायचो. चवदा नंबरच्या ओळीवरून आम्ही सुतळी ओढायचो, एका बांधावर ती, दुसऱ्या बांधावर मी. दहा ते अकरा, तेवढाच वेळ. सुतळी लागली की पीठ उडायचं, उन्हात क्षणभर दिसायचं आणि मायच्या ओळीवर बसायचं. "हळू ओढा, अवो," ती ओरडायची, "मिलचा पट्टा नाही तो."

आम्हाला मूल नव्हतं. हे लिहिताना थांबलो होतो, पण लिहिलं पाहिजे. बाया म्हणायच्या, "रोज धानाचं लग्न लावते आन् सोताच्या घरी पाळणा नाही." नळावर, लग्नाच्या मांडवात, कुंताला ऐकू जाईल असं म्हणायच्या. माझी शकुनबाईसुद्धा एकदा म्हणाली होती. कुंता दोनदा नागपूरला डॉक्टरीण बाईकडे जाऊन आली. तिच्यात काही दोष नव्हता. डॉक्टरीण बाईनं चिठ्ठी दिली की पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या. ती चिठ्ठी तिनं मला दिली, मी वाचली आणि मिलमध्ये सीझन आहे, नंतर जाऊ म्हणालो. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिनं कधी विषय काढला नाही. मीही नाही.

त्याच साली, बहुतेक ७८ असेल, मी तिला डबा द्यायला केंद्रावर गेलो होतो. ती सूक्ष्मदर्शक दुर्बिणीपाशी होती. म्हणाली, "या, दाखवते." काचेवर दोन जागी पीठ होतं आणि त्यावर आयोडीनचा थेंब. मी डोळा लावला. एका बाजूला काळे गोल ठिपके, भरलेले. "हे चवदा नंबर. काळे झाले ते जिवंत." मग तिनं काच सरकवली. दुसऱ्या बाजूचे ठिपके सुरकुतलेले, फिके पिवळे. "हे मायच्या झाडातले. रंगच घेत नाहीत. आत काहीच नाही." मी पाहत राहिलो. ती माझ्या कानाजवळ उभी राहून, वर्गात सांगावं तशा आवाजात म्हणाली, "दोष या पिठात असते. पण लोकं लोंबी पाहून म्हणतेत, झाड वांझ आहे." तिनं हे मला लागावं म्हणून म्हटलं का ते मला आजही माहीत नाही. मी डोळा उचलला तेव्हा ती डब्यातली भाकर मोडत होती, एक तुकडा माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. येताना सायकल हातात धरून चालत आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान फुलोऱ्यात होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

तेव्हापासून मला त्या मडक्यांचा राग होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दर मार्गशीर्षात कुंता ती भरायची, लिंपायची, फळीवर ठेवायची. मी त्याच खोलीत झोपायचो. पाय लांब केले की फळी समोर. ८२ साली वरून हुकूम आला की हे काम बंद करा, केंद्रानं मंजूर वाणांच्या प्रसाराकडे लक्ष द्यावं. मला आतून बरं वाटलं होतं. कुंता म्हणाली, "कागदावर बंद झालं. झाडाले कागद वाचता येत नाही." आणि तिनं सगळं उचलून आसगावला नेलं, बापाच्या बांधीत लावलं. केंद्राच्या कोठारात तिचं काही उरलं नाही. त्यामुळे जे होतं ते त्या दोन मडक्यांत होतं. दोन साल पेरलं नाही तर बी मरतं, असं ती म्हणायची. एक साल चुकलं तर चालेल, दोन नाही.

यंदा कापणी आटोपली आणि तिला ताप आला. मडकी तिनं तापातच लिंपली. मग डोळे पिवळे झाले. मी तिला नागपूरला मेडिकलच्या दवाखान्यात नेलं. अकरा दिवस होती. नवव्या दिवशी तिचं बोलणं असंबद्ध झालं होतं, पण मधेच शुद्धीवर येऊन म्हणाली, "मडके फळीवरच आहेत ना?" मी हो म्हटलं. "मिरगाच्या आधी सोमाजीले द्या. बाकी कोणाले हात लावू देऊ नका." मी हो म्हटलं. तिचा हात माझ्या हातात होता, तिची बोटं आयुष्यभर चिमटा धरून चपटी झाली होती.

सोमाजी पत्र घेऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पवनीच्या गाडीनं आसगावला गेलो. तो म्हणत होता की मायचं धसकट जिवंत असेल. दाणा भरायचा नसला की झाडात जोर राहतो, कापल्यावरही ते फुटत राहतं. चवदा नंबरचंही एखादं धसकट ओलीला फुटलं असेल. रस्त्यानं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बोडीखाली ओल असते. असेल. असेलच." बांधीवर पोचलो. एका बाजूला लाखोळीची डाळ पेरलेली होती, त्यात मायच्या ओळीतले तीन ठोंब हिरवे उभे होते. दुसरी बाजू, जिथे चवदा नंबर होतं, ती गव्हासाठी नांगरून पेरून झाली होती. गहू बोटभर वर आला होता. माझा साळा लांबून ओरडला, "काय शोधून राहिले जी?"  सोमाजी नांगरटीत वाकून ढेकळं उलटवत होता. एकेक वाळलेलं मूळ उचलून बघत होता आणि टाकत होता. अर्ध्या तासानं तो हात झटकत माझ्याकडे आला.

"माय वाचली, भाऊ," तो म्हणाला. "जोडीदार गेला."

बोलल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घमेलं आणायला वळला.

तीन ठोंब मातीसकट घमेल्यात घालून आणले. ते अंगणात लोखंडी टबात लावले आहेत. कुंताच्या वहीत मी चवदा नंबर शोधला. प्रत्येक नंबरापुढे ते कुठून आलं ते लिहिलेलं आहे. गाव, शेतकऱ्याचं नाव. चवदापुढे फक्त एवढंच आहे, "तुमसर बाजार, टोपलीवाली बाई, १९७५." मी मिलमध्ये येणाऱ्या गाड्यांतल्या पोत्यांत हात घालून पाहिलं, दाणे कंदिलाच्या काचेवर ठेवून वहीतल्या चित्राशी ताडून पाहिले. आता सगळीकडे केंद्रानं दिलेलीच धानं आहेत. गावठी आखूड दाणा कुणी पेरत नाही. ज्यांना विचारलं ते म्हणाले, "ते जुनं कायले पायजे? एकरी काय होते त्याच्यात?" मी पंचवीस वर्षं रोज शेकडो पोती धान पट्ट्यावरून आत जाताना पाहिलं आहे. त्यातला एकही दाणा पुन्हा रुजला नाही हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं. मशीन चालू असताना मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

काय झालं ते शकुनबाईला समजावून सांगायला दोन दिवस लागले. समजल्यावर ती मागच्या अंगणातल्या कोंड्याच्या ढिगाशी जाऊन बसली. तेरवीसाठी कांडलेल्या धानाचा कोंडा तसाच पडलेला होता. तीन दिवस ती उन्हात सूप घेऊन तो पाखडत होती. सोलले न गेलेले नऊ दाणे सापडले. ते तिनं पदराच्या गाठीत बांधून मला आणून दिले. पण त्याच उखळात तिनं घरचंही धान कांडलं होतं. ते नऊ दाणे कशाचे हे ओळखणारी एकच बाई होती.

सोमाजीनं केंद्राच्या वतीनं उत्तर लिहिलं. त्यात लिहिलं आहे की सदर बियाणं मयताच्या घरातील निरक्षर स्त्रीकडून अजाणतेपणी स्वयंपाकात वापरलं गेलं. त्यानं वाचून दाखवलं आणि माझी सही मागितली. मी सही केली. शकुनबाई तिथेच उंबऱ्यावर बसली होती. तिला 'निरक्षर' हा शब्द समजला.

शकुनबाई विचारायला आली तो कुंता गेल्यानंतरचा अकरावा दिवस होता. मी मागच्या दारी पाटावर बसलो होतो, डोकं भादरलेलं. ती म्हणाली, "बापू, हे मडक्यातलं धान काढू का? कुंताच्या हातचं दिसते." मी म्हटलं, "काढ." सगळ्यांना मी सांगितलं की मी शुद्धीत नव्हतो, मला काही ऐकू आलं नाही. तिनंही तेच सांगितलं, "त्याले भान नव्हतं, म्याच समजून घ्याले पायजे होतं." खरं असं आहे की मी वर पाहिलं होतं. मडकं तिच्या कडेवर होतं. वरच्या शेणावर कुंताच्या अंगठ्याचे ठसे होते, कडेनं सगळीकडे, ओळीनं. मी ते पाहिले. कोणतं मडकं आहे ते मला माहीत होतं. दवाखान्यात काय बोलणं झालं तेही आठवलं. आणि तरी मी काढ म्हणालो. का म्हणालो ते नीट सांगता येत नाही. एवढंच वाटलं होतं की हे आता घरात नको. तो विचार एका श्वासापुरता होता, पण होता.

मार्च लागला आहे. टबातल्या ठोंबांना लोंब्या आल्या आहेत. सोमाजी रविवारी येऊन पाहून जातो. तो म्हणतो, दुसरं कोणतंही पीठ टाकलं तर दाणा भरेल, पण पुढचं काय करायचं ते मॅडमलाच माहीत होतं. सकाळी दहा वाजता फुलं उघडतात. आतून नर बाहेर येतात, बारीक, पांढुरके, आणि लोंबतात. अकराला फुलं मिटतात. मी आता उशिराची गाडी धरतो.

शकुनबाई तिच्या गावी परत गेली. परवा तिचा मुलगा टेकचंद आला होता. तो म्हणाला, "मामा, तुमीच सांगा मायले. तिनं भात सोडला. लग्नात जाते तं उपाशी येते. घरी सगळे भात खातेत आन् ही कोपऱ्यात ज्वारीची भाकर घेऊन बसते. पाप झालं म्हणते. मरेपर्यंत खात नाही म्हणते." मी त्याला येतो म्हणालो. तिचं गाव शाहापूरहून दीड तासावर आहे. दर रविवारी जायचं ठरवतो. तिनं विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.